शाई वाळेपर्यंत

पिंपरी गावात सकाळच्या वेळी कुणी कुणाच्या दाराची कडी वाजवत नसे. दार उघडंच असायचं. येणारा उंबऱ्याबाहेरून "झाला का चहा?" असं विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत चुलीपाशी पोहोचलेला असायचा. त्यामुळे सत्तावन्न सालच्या फाल्गुनातल्या त्या सकाळी, सोजराबाई तव्यावर भाकरी टाकत असताना, उघड्या दाराची कडी तीनदा खडखडली तेव्हा त्या भाकरी तव्यावरच सोडून उठल्या. उघड्या दाराची कडी वाजवणारा माणूस एक तर सरकारी असतो, नाहीतर भांडून आलेला.

"कोन हाय?"

"आमी," बाहेरून आवाज आला. "आमी दोघं."

आवाज लक्ष्मणरावांचा होता. लक्ष्मणराव म्हणजे शेजारचेच, नात्यानं सोजराबाईंचे चुलत दीर. गेली तीस वर्षं ते मागच्या दारानं येत आणि बोलत आत येत. आज ते पुढच्या दारी उभे होते, डोक्याला कोरा पटका बांधून. त्यांच्यापासून हातभर अंतर राखून कुरुळीचे मारुतराव उभे होते. लक्ष्मणरावांच्या इंद्रायणीचं लग्न मारुतरावांच्या चिमाजीशी ठरलं होतं, म्हणजे हे दोघे होऊ घातलेले व्याही. पण एकाचं तोंड पूर्वेला होतं आणि दुसऱ्याचं पश्चिमेला.

"वैनी," लक्ष्मणराव म्हणाले, "तुमची वही पायजे."

आत भाकरी करपल्याचा वास सुटला.

"कसली वही?" सोजराबाईंनी उगीचच विचारलं. साऱ्या आळीला ठाऊक होतं कसली ते.

"मागल्या सालची. आवं, मार्गेसरात तुमच्याच वट्यावर सुपारी फुटली न्हाई का? आमची कौलं उतरवली हुती म्हनून बैठक हितं केली."

"आठवतंय की. चहा मीच केला हुता. दोन बाऱ्या."

"मग सांगा. इंद्रायणीनं लगीन झाल्यावर पुण्याला मास्तरणीचं ट्रेनिंग करायचं, दोन वर्सं, असं बोलणं झालं हुतं का न्हाई?"

"झालं न्हाई," मारुतरावांनी समोरच्या भिंतीला सांगितलं.

"झालं हुतं!"

"बाई, व्याहीबुवांना सांगा," मारुतराव सोजराबाईंना म्हणाले. व्याहीबुवा कोपराशी उभे होते. "आमची सून दोन वर्सं पुण्यात ऱ्हानार आन तिची सासू कुरुळीत चूल फुंकनार, असं माझ्या तोंडातनं निघंल का?"

"पोरीचं नाव लागलंय, वैनी! वैशाखात लगीन, जूनमधी कालेज. आन आता ह्ये म्हनत्यात, बोललोच न्हाई."

सोजराबाईंना त्या दिवसाचा चहा आठवत होता, शाई आठवत होती, पण ट्रेनिंगचं बोलणं काही आठवेना. इंद्रायणी सातवीची फायनल पास झाली त्या दिवशी पेढे घेऊन पहिली त्यांच्याकडे आली होती. ट्रेनिंगसाठी सहा पुस्तकं तिनं आधीच जमवून ठेवली होती, आणि ती कुठली हेही सोजराबाईंना तोंडपाठ होतं. दोन निळी, तीन मातकट, एक लाल कापडी बांधणीचं.

"म्हनून ठरवलंय," लक्ष्मणराव म्हणाले, "तुमची वही सांगंल ते खरं. तुमी तवा त्या खांबाला टेकून लिवत हुता. मी बोललो की तुमी वर बघायच्या, आन पुन्यांदा खाली मान घालून लिवायच्या. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"मी बी बघितलंय," मारुतराव म्हणाले. सकाळपासून या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत झालेलं दिसत होतं. "वहीत आसंल तर पोरगी पुण्याला जाईल. नसंल तर विषय संपला. आज दुपारी वाचायची, चार मानसांम्होरं."

"वही पेटीत तळाला हाय," सोजराबाई कशाबशा म्हणाल्या. "दुपारी या."

दोघे गेले, पण दोन वाटांनी. सोजराबाई करपलेली भाकरी हातात घेऊन तशाच बसून राहिल्या. आतल्या खोलीत त्यांचा मुलगा ज्योतीराम रात्रपाळी करून आला होता, तो सुखात घोरत होता. त्याचा त्यांना त्या क्षणी हेवा वाटला.

कारण वहीत काय आहे ते एकट्या सोजराबाईंना माहीत होतं. आणि आळीला जे वाटत होतं, त्यातलं वहीत काहीसुद्धा नव्हतं.

सोजराबाई अक्षरं शिकल्या त्या पंचेचाळिशीत. मारुतीच्या देवळामागे प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा चौदा बायका गेल्या आणि शेवटच्या दिवशी एकट्या सोजराबाई उरल्या. गुरुजींना कृतकृत्य वाटलं. त्यांनी एक्कावन्न सालची एक डायरी बक्षीस दिली. काळा पुठ्ठा, पानांना सोनेरी कड, आणि खूण ठेवायला तांबडी फीत. "यात रोज चार ओळी लिहीत जा," गुरुजी म्हणाले, "म्हणजे अक्षरं विसरणार नाही." बाईंना लिहिण्याची गोडी लागली, अशी त्या भल्या माणसाची समजूत झाली. गोडी लागली होती ती कागदाची.

तेव्हापासून दर जानेवारीत घरात नवी डायरी आली पाहिजे, असा नियमच झाला. अलीकडे ज्योतीराम ती कारखान्यातून पैदा करायचा. कुणी मालपुरवठादार साहेबलोकांना वाटायचे, त्यातली एखादी फोरमनच्या कृपेनं याच्याकडे यायची. डायरी आली की सोजराबाई आधी आंघोळ करायच्या. मग ती मधोमध उघडून वास घ्यायच्या. मग तळवा पानावरून फिरवायच्या, नव्या लुगड्याचा पोत बघावा तसा. पुढच्या पानांवरचे टपालाचे दर, सुट्ट्यांची यादी, सूर्योदयाच्या वेळा, सारं एकदा बोट ठेवून वाचायच्या. आणि मगच पहिली ओळ.

घरात उजेड कमी, म्हणून लिहायला ओट्यावर बसणं आलं. टाक आणि दौत. टीपकागद मात्र त्या चुकूनही वापरत नसत. टीपकागद शाईचं तेज पिऊन टाकतो, अक्षर आजारी दिसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. एक ओळ लिहायची, ती वाळू द्यायची, मग दुसरी. आता शाई वाळेपर्यंत माणसानं बघायचं तरी कुठं? त्या समोर बघत. समोर आळी होती. आळीत जो कोणी जे काही करत असेल तो त्यांच्या नजरेखाली यायचा, आणि तेवढ्यात ओळ वाळायची नि बाईंची मान खाली जायची.

सारा घोटाळा एवढ्यावरून झाला.

समोरच्या गोजाबाई खरकटं पाणी वाटेतच फेकायच्या. एकदा परात हातात घेऊन त्या दारात आल्या, सोजराबाईंनी वर पाहिलं, मान खाली घालून लिहिलं. गोजाबाईंनी परात तशीच मागं नेली आणि पाणी परसातल्या केळीला घातलं. त्या वर्षापासून त्यांची केळी लगडून आली. दूधवाला भैरू माप घालता घालता आपणहून सांगू लागला, "बाई, आज पान्याचा थेंब न्हाई हां. तसं लिवा." लक्ष्मणरावांनी बिडी सोडल्याचं बायकोला सांगितलं होतं, ते आता बिडी ओढायला गोठ्यामागं जाऊ लागले. नळावर दोघी एकमेकींच्या माहेरापर्यंत पोहोचल्या असताना दौतीचं झाकण वाजलं, की दोघी एकदम "अगं बाई, तुझा हंडा भरला बघ!" अशा गोडीत यायच्या. चावडीला जे कधी जमलं नव्हतं ते एका दौतीनं करून दाखवलं होतं.

आणि वहीत काय असायचं? "मंगळवार. हवा कोरडी. शाई लवकर वाळली. कांद्याची भाजी." किंवा, "पावसानं पान दमट. आज लिहिलं नाही." एवढं लिहून खाली रेघ.

आपल्या वहीचा आळीला धाक आहे हे सोजराबाईंच्या वर्षभरातच ध्यानात आलं होतं. सुरुवातीला संकोचापोटी त्या काही बोलल्या नाहीत. नंतर बोलल्या नाहीत, कारण दूध खरंच चांगलं येत होतं. आणि खरं सांगायचं तर सबंध आयुष्यात कुणी आपल्याला वचकून राहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. नवरा असताना सासू होती, सासू गेल्यावर म्हैस होती, तीसुद्धा लाथ मारायची.

वहीत थोडा लांब मजकूर यायचा तो फक्त एखादं पुस्तक घरात आलं त्या दिवशी. सोजराबाईंकडे अकरा पुस्तकं होती. पुण्याच्या जुन्या बाजारात खिळे, कुलपं, फुटके कंदील मांडून बसणाऱ्यांकडे कोपऱ्यात पुस्तकंही असत. सोजराबाई तिथं उकिडव्या बसून पुस्तकं निवडत, वांगी निवडावीत तशी. उलटीसुलटी करून, देठ बघून. आत काय आहे हा प्रश्न शेवटचा. पुठ्ठा ताठ हवा, शिवण घट्ट हवी, कागद दाट हवा, आणि एखादं सोन्याचं वळण असलं तर देवाची कृपा. त्यांचं सगळ्यात लाडकं पुस्तक म्हणजे रंगाच्या कुठल्याशा कंपनीनं काढलेलं नमुन्यांचं पुस्तक. पानोपानी रंगांचे चौकोन, निळ्याच्याच सत्तावीस तऱ्हा. त्यात वाचायला जवळजवळ काही नव्हतं, आणि सोजराबाई ते सगळ्यात जास्त वेळा उघडायच्या.

हिरव्या कापडाच्या एका जाड इंग्रजी पुस्तकावर त्यांचा असाच जीव होता. पुढच्या खोलीत सुमनताई भाड्यानं राहायला आल्या, नवरा कारखान्याच्या प्रयोगशाळेत, स्वतः बी. ए. झालेल्या. त्यांना सोजराबाईंनी एक दिवस ते पुस्तक दाखवलं.

सुमनताईंनी चाळलं. मग जरा भीतभीतच म्हणाल्या, "मावशी, हे मेंढ्यांच्या आजारांवर आहे."

"मेंढ्यांच्या?" सोजराबाईंनी पुस्तक परत घेऊन कडेवरून हात फिरवला. "आसू दे. मेंढ्यांसाठी येवढं देखनं पुस्तक करनारा मानूस मनानं चांगला आसनार."

ही अकरा पुस्तकं पत्र्याच्या पेटीत, वेखंडाच्या पुरचुंडीबरोबर, एकमेकांवर आडवी पडलेली असायची. उन्हाळ्यात सोजराबाई ती ओट्यावर चटईवर मांडून ऊन दाखवायच्या. "काय गं सोजरा," गोजाबाई पलीकडून विचारायच्या, "औंदा पुस्तकांचे पापड घातलेस व्हय? तळून दाखव बरं एक." सोजराबाई हसून सोडून द्यायच्या. पण पेटीचं त्यांना वाईट वाटायचं. पुस्तक उभं राहायला हवं, त्याची पाठ दिसायला हवी. आडव्या पुस्तकाकडे बघून त्यांना दवाखान्यातली खाट आठवायची.

तर ती पेटी आता त्यांनी उघडली आणि तळातून छप्पन सालची डायरी काढली. लाल कापडी, रोजाला एक पान. १९ डिसेंबर, बुधवार. मजकूर चार ओळींचा होता. सोजराबाईंनी बोट ठेवून एकदा वाचला, मग दुसऱ्यांदा. ट्रेनिंगबद्दल एक अक्षर नव्हतं. चौथी ओळ तर चारचौघांत वाचून दाखवावी अशीही नव्हती. ती त्यांनी त्या दिवशी मनातल्या मनात कुढून लिहिली होती, आणि आता बघून कानशिलं गरम झाली.

तेवढ्यात परसदारी पावलं वाजली. इंद्रायणी आली होती. मागून सुमनताईही. बातमी आळीभर झालेली दिसत होती.

"काकी," इंद्रायणी धापा टाकत म्हणाली, "लिवलंय ना?"

सोजराबाईंनी वही मिटली. "इंद्रे, बस."

"बसत न्हाई. आधी सांगा. लिवलंय ना? मला ऐकू आलं हुतं त्या दिवशी. मी आत चहा गाळत हुते. चिमाजींच्या आबांनी व्हय म्हनलं हुतं, माझ्या कानांनी ऐकलंय. पन माझं कोन ऐकनार? तुमी लिवलं आसंल तर ऐकत्याल."

सोजराबाईंनी वही उघडून तिच्यापुढे धरली. पोरीनं वाचलं आणि तिचा चेहरा पडला. मग तिनं मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं.

"ट्रेनिंगचं अक्षर न्हाई. आन बाकीच्या पानांवर नुसतं शाईचं हाय, काकी."

"व्हय."

"समदी वही अशीच?"

"समद्या सात वह्या अशाच."

इंद्रायणी खाली बसली. ती रडेल असं सुमनताईंना वाटलं, पण तिला आधी हसू आलं आणि मग रडू. रडू आवरल्यावर तिनं नाक पुसलं आणि पानाकडं पाहिलं. चार ओळींच्या खाली अख्खं अर्धं पान कोरं होतं. तिघींचीही नजर त्या कोऱ्या जागेवर एकदमच गेली. सोजराबाईंनी हळूच टाक उचलला. या पोरीला त्यांनी पाळण्यात झोके दिले होते. एक ओळ, बस, एकच.

दौतीचं झाकण काढलं आणि त्यांचा हात थांबला.

"काय झालं, मावशी?"

"ही शाई जांभळी हाय," सोजराबाई म्हणाल्या. "डिसेंबरात निळी-काळी हुती. ती संपली."

"म्हणजे ओळखू येईल."

"त्ये सोडा. निळ्या-काळ्या पानावर जांभळी ओळ? पानाचा सत्यानाश हुईल." त्यांनी टाक खाली ठेवला, आणि थोड्या वेळानं, दुसऱ्याच आवाजात म्हणाल्या, "आन खोटं लिवलेली वही मी पुन्यांदा उघडनार न्हाई, इंद्रे. मला ती उघडावी लागती. रोज. दुसरं हाय काय मला?"

इंद्रायणीनं मान डोलावली. तिला ते पटलं की नुसतं कळलं, हे सांगणं कठीण.

दुपारी ओट्यावर जागा पुरेना. गोजाबाई सगळ्यात आधी येऊन खांबाशी बसल्या होत्या आणि सगळ्यात जास्त घाबरल्या होत्या. "फकस्त सुपारीचंच पान वाचायचं ना?" त्यांनी तीनदा विचारलं. भैरू वाटेतच उभा होता, वेळ आलीच तर पळता यावं म्हणून. लक्ष्मणराव आणि मारुतराव ओट्याच्या दोन टोकांना बसले.

"वाचनार कोन?" मारुतराव म्हणाले. "बाई घरातल्या पडल्या. त्या कारखान्याच्या साहेबाच्या बाई वाचू द्या. त्या कुनाच्याच न्हाईत."

सुमनताईंनी वही घेतली. "एकोणीस डिसेंबर—"

"थांबा, थांबा." मारुतराव पक्के होते. "एकदम तिथं नको. म्होरली-मागली चार पानं वाचा. वही कशी हाय ते तरी कळू दे चार मानसांना."

सोजराबाईंनी डोळे मिटले. गोजाबाईंनी पदर तोंडात धरला.

सुमनताईंनी गळा साफ केला. "सोळा डिसेंबर, रविवार. ज्योतीरामला सुट्टी. वाटाण्याची उसळ. शाई घट्ट झाली, पाणी घातलं." त्यांनी पान उलटलं. "सतरा, सोमवार. थंडी. शाई वाळायला वेळ. रंगाचं पुस्तक बघितलं. अठरा, मंगळवार. रंगाच्या पुस्तकात पान एकशे चाळीसला मुंगी चिरडली, डाग पडला. फार वाईट वाटलं."

आळी थांबून राहिली. पुढं काहीतरी येईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

"फुडं?" भैरूनं वाटेतून विचारलं.

"एवढंच आहे."

"एवढंच?" गोजाबाईंनी पदर सोडला. "आगं, अठरा तारखेला मंगळवारी माझं आन माझ्या जावेचं ह्या ओट्याम्होरं झालं हुतं! कळशी फेकून मारली हुती तिनं! तू बघत हुतीस, सोजरा!"

"शाई वाळत हुती," सोजराबाई पुटपुटल्या.

"आन मुंगी लिवलीस? मी न्हाई, मुंगी?" गोजाबाई आता उठूनच उभ्या राहिल्या. "सहा वर्सं! सहा वर्सं मी तुझ्याकडं बघून तोंड आवरलं, पानी घातलं केळीला, आन माझं वहीत नाव बी न्हाई? आगं, कुनासाठी मी चांगली वागले मग?"

"आन मी दुधात..." भैरू बोलता बोलता थांबला, कारण बरीच माणसं त्याच्याकडे वळून बघू लागली.

ओट्यावर हसण्याचा कल्लोळ उठला. मारुतराव तर मांडीवर थापा मारून हसत होते. लक्ष्मणरावांचा चेहरा मात्र उतरला होता. दारामागं इंद्रायणीच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि गप्प झाल्या.

"चला, कळलं," मारुतराव डोळे पुसत म्हणाले. "शाई आन उसळ. आता ते बुधवारचं वाचा म्हंजे निकाल लागला. मला सांजच्या यष्टीनं जायाचंय."

सुमनताई वाचू लागल्या. "एकोणीस डिसेंबर, बुधवार. इंद्रायणीची सुपारी फुटली. चहा दोनदा, गूळ संपला. नवी शाई उघडली, निळी-काळी, फार झकास."

त्या थांबल्या. त्यांची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि तिथंच अडकली.

"फुरं तेवढं," सोजराबाई घाईनं म्हणाल्या. "फुडलं माझं खाजगी हाय."

"न्हाई न्हाई," मारुतरावांनी हात वर केला. "अर्धं वाचलेलं मला चालनार न्हाई. समदं वाचा. उद्या कुनी म्हनाया नको, मारुतरावानं दाबलं."

सुमनताईंनी सोजराबाईंकडे पाहिलं. सोजराबाईंनी मान दुसरीकडे फिरवली. मग सुमनताईंनी एकेक शब्द सुटा करून वाचलं:

"मारुतराव म्हणाले, पोरीची पुस्तकं आमच्याकडं भुईवर नाही पडणार, सागाची फळी मारून देतो, सव्वा हात. इंद्रायणीचं नशीब थोर. आमची अकरा पुस्तकं पेटीत उपडी. आम्हाला कोण फळी मारतंय."

कुणी हसलं नाही. सोजराबाईंना जमीन दुभंगावी असं वाटत होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईनं पोरीच्या सुपारीच्या दिवशी तिच्या फळीचा हेवा करावा, आणि तो असा मोठ्यानं वाचला जावा!

पण आळी त्यांच्याकडे बघतच नव्हती. आळी मारुतरावांकडे बघत होती. मारुतरावांचा हात हवेतच राहिला होता.

"सागाची," ते स्वतःशी म्हणाले. "सव्वा हात."

"बोलला हुता?" लक्ष्मणराव पुढं सरकले.

"थांबा हो." मारुतराव कपाळ चोळत होते. "बोललो आसन. आवं, फळी... फळी तर मारून झालीया."

"आँ?"

"पौषात. जुन्या गाडीचं साग हुतं, रंधा मारून आरशासारखी केली. सोप्यात, खिडकीपाशी. मारली, आन..." त्यांचा आवाज बारीक झाला. "आन चिमाजीच्या आईनं तिच्यावर लोनच्याच्या बरन्या ठेवल्या. मला बी वाटाया लागलं, बरन्यांसाठीच मारली."

लक्ष्मणरावांनी पहिल्यांदाच व्याह्याकडे तोंड करून विचारलं, "खिडकीपाशी? बरन्यांना उजेड कशाला लागतो, मारुतराव?"

मारुतराव पटक्याची गाठ चाचपत राहिले. शब्द विसरणं त्यांना जड नव्हतं. तो कुणीही विसरतो. पण फळी त्यांनी स्वतःच्या हातानं तासली होती, आणि आपण ती कशासाठी तासली हे विसरलो, हे त्यांना फार लागलेलं दिसलं.

"पुस्तकं कुठली, ते त्या दिवशी मीच इचारलं हुतं," ते शेवटी म्हणाले. "पोरगी म्हनाली, ट्रेनिंगची. सहा हायत. म्हनून तर सव्वा हात धरली. फुडं वाढतील म्हनून." त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. "आमच्याकडं भावकी बोलाया लागली, सून पुण्याला, म्हातारी चुलीला. आन मी खुशाल म्हनालो, मी बोललोच न्हाई. खोटं म्हनलो न्हाई, देवाशपथ. विसरलो. पन बिनबोलता फळी मारनारा मानूस मी न्हाई."

"मग?" दारामागून आवाज आला. होणाऱ्या सासऱ्यापुढं बोलायचं नाही हे इंद्रायणी पार विसरली होती.

"मग काय, जा पुण्याला," मारुतराव म्हणाले. "बरन्या खाली उतरवतो."

लक्ष्मणरावांनी खिशातून बिडीचं बंडल काढून व्याह्यापुढं धरलं. मग त्यांची नजर गर्दीतल्या बायकोवर पडली आणि बंडल परत खिशात गेलं. आता ते वहीत येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण बायको वहीपेक्षा जवळ उभी होती.

गर्दी पांगू लागली. गोजाबाई मात्र हलेनात. त्या सोजराबाईंजवळ येऊन बसल्या, थोडा वेळ फुरंगटून इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्यापास्नं मी पानी वाटंतच टाकनार, सांगून ठिवते."

"टाक."

"जांभळ्या शाईत लिवशील का?"

"लिवते."

"आन कळशीचं बी लिव, मागचं. चूक तिचीच हुती."

सोजराबाईंना हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच. उद्यापासून दूध पातळ येणार, नळावर माहेरं निघणार, आणि आपण ओट्यावर बसलो तरी कुणी बिचकणार नाही, हे त्यांना दिसत होतं. थोडं वाईट वाटलं. मग मांडीवरच्या वहीची फीत त्यांनी एकोणीस तारखेच्या पानात सरळ केली. पानावर चारच ओळी होत्या, निळ्या-काळ्या, तेज जराही उतरलेलं नव्हतं.

मारुतराव जायला निघाले होते. पटका बांधून ते ओट्यापाशी परत आले आणि अवघडून उभे राहिले.

"बाई, तुमी नसत्या तर माझ्या हातनं वंगाळ झालं आसतं. माझा शब्द तुमी जपून ठिवला. लगनात तुमचा मान मोठा करनार हाय. लुगडं कसलं घेऊ, सांगा. इरकली? पैठणी म्हना, बघू. लाजू नका."

सोजराबाईंनी एकदा आत, पेटीकडे पाहिलं.

"लुगडं नको, मारुतराव," त्या म्हणाल्या. "त्या गाडीचं साग उरलं आसंल, तर मला बी एक फळी मारून द्या. हातभर फुरं."